जिभाऊ, तुम्ही जोडलेला कॉम्प्युटर

जिभाऊ,

कॉम्प्युटर चालू आहे. आज अकरावा दिवस. या अकरा दिवसांत तो एकदाही मध्येच काळा पडून आपोआप परत सुरू झाला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अकरा दिनमा काय व्हस, निमा? आखो दहा दिन जाऊ दे." दहा काय, वर्षभर जाऊ देईन. पण तुम्हाला जाऊन महिना होत आला, आणि ही बातमी ज्याला खरी कळली असती असा माणूस गावात एकच होता.

श्रावणात माझ्या ओसरीवर, शाळेचे दोन मास्तर बसलेले असताना, मी तुम्हाला म्हणाले की तुम्ही माझ्या कॉम्प्युटरमध्ये जुनं बोर्ड नवं म्हणून बसवून दिलं. फसवलं हा शब्द मी वापरला नाही, पण दुसरा काही अर्थ होत नव्हता. तुम्ही उठून गेलात ते परत आला नाहीत. आणि मग पितृपक्षात एका सकाळी तुमच्या घरासमोर माणसं जमलेलीच पाहिली. तेराव्याला तुमच्या अंगणात मी बायकांच्या मागे बसले होते. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. खरं सांगते, तेव्हाही मला वाटत होतं की मी बोलले ते खोटं नव्हतं, फक्त चारचौघांत बोलायला नको होतं. आता कळलं आहे की ते खोटंच होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे, आणि लिहिते आहे ते तुमच्याच कॉम्प्युटरवर.

आपण दोघं तापीकाठच्या एकाच गावचे. मी लग्न होऊन म्हसावदला आले तेव्हा तुमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान इथे आधीपासून होतं. इथे मला कोणी वहिनी म्हणायचं, कोणी मास्तरीणबाई. तुम्ही माझ्या माहेरच्या गावचे, म्हणून तुमच्यासाठी मी निमाच राहिले. सासरच्या गल्लीत नावाने हाक मारणारं एक माणूस असणं म्हणजे काय, ते लग्न करून आलेल्या बाईलाच कळतं. आमचे हे धडगावच्या पलीकडे आश्रमशाळेवर. शनिवारी जीपने खाली येणार, सोमवारी उजाडता उजाडता परत घाट चढणार. मधले दिवस मी आणि हे घर. टायपिंगची परीक्षा मी माहेरी असताना पास झाले होते, ते सर्टिफिकेट लोखंडी पेटीत तळाशी पडलं होतं. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडलात. "पेटीमा ठेवासाठे शिकनी का तू?"

आठवड्याभरात तुम्ही सुरतेला निघालात, सामान आणायला. मला म्हणालात, "तू बी चाल. तुन्हा डोयासमोर खोकं फोडूत." मी म्हणाले, मला त्यातलं काय कळतं, तुम्ही आणाल ते सोनं. हे माझेच शब्द आहेत. गेला महिनाभर ते मला रोज ऐकू येतात.

मग ती दुपार. जेवणं झाल्यावर माझ्या ओसरीतल्या दिवाणावर तुम्ही वर्तमानपत्रं पसरलीत आणि एकेक खोकं उघडत गेलात. पाहुणे जेवायला बसवावे तशी प्रत्येक वस्तू ओळीने मांडलीत. मी उत्साहाने पुढे सरकले तर तुम्ही हात आडवा केला. "नायलॉननी साडी शे. जाय, पहिले सुती नेसी ये." मी नेसून आले. तरी हात लावू देईनात. "खिडकीना गज धर. मंग हात लाव." नायलॉन अंगाला घासलं की अंगात बारीक वीज साठते, ती बोर्डाला मारते, लोखंड धरलं की ती उतरून जाते, असं तुम्ही समजावलंत. मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतो आहे. पण धरला गज. मेमरीची पट्टी तुम्ही माझ्याकडून बसवून घेतलीत. दाबता दाबता खट्ट आवाज झाला आणि मी हात मागे घेतला, मोडली म्हणून. "मोडनी नही, बसनी," तुम्ही म्हणालात आणि पोटभर हसलात. पडद्यावर पहिला उजेड आला तेव्हा तुमच्याहून जास्त मीच टाळ्या वाजवल्या.

त्या डब्यावर मी काय काय केलं नाही? शाळांचे पेपर, बचत गटांचे ठराव, लग्नपत्रिका, तळोद्याच्या ऑफिसात द्यायचे अर्ज. डोंगरातून उतरलेली माणसं अर्ज टाईप होईपर्यंत माझ्या ओट्यावर बसायची आणि जाताना नीट घडी घालून कागद खिशात ठेवायची. ह्यांच्या नावाने ओळखलं जाणारं घर हळूहळू माझ्या नावाने ओळखलं जायला लागलं. हे तुमच्यामुळे झालं, जिभाऊ, आणि हे मी तुम्हाला कधीच म्हणाले नाही. तुम्ही आलात की मी फक्त चहा ठेवायची आणि कुरकुर करायची, की तयार कंपनीचा घेतला असता तर बरं झालं असतं, निदान दिसायला तरी चांगला असता. तुमचं उत्तर ठरलेलं. जे आपण जोडलं ते आपल्याला सोडता येतं. तयार डबा बिघडला की नुसता बिघडतो. हा वाद आपण चार वर्षं घातला आणि दोघांपैकी कोणीही तो संपवू दिला नाही, कारण त्यात चहा मिळायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा झालं. मी एक ठराव टाईप करत होते, शेवटची ओळ राहिली होती, आणि पडदा काळा. वीज गेली म्हणून वर पाहिलं तर पंखा फिरत होता. मग डबा आपला आपण गुरगुरला आणि जसं काही घडलंच नाही तसा पहिल्यापासून सुरू झाला. ठराव गेला. तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "पंखा बंद पडना का?" मी नाही म्हणाले. "मंग वीजनं काम नही," म्हणालात आणि डबा उघडायला बसलात.

आमच्या शेजारी मिरची कांडप आहे. झाकण निघालं आणि आपण दोघं शिंकत सुटलो. आतल्या पंख्यावर, जाळीवर, सगळीकडे लाल भुकटी. आवाज ऐकून तुमच्या घरातून कोकिळावहिनी आल्या, दारातच त्याही शिंकल्या. "हाऊ तं मसालाना डबा शे," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. तुम्ही रंगाच्या ब्रशने सगळं झाडलंत, वारा मारलात, आणि आपल्याला दोघांनाही वाटलं की रोग सापडला. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

तिथून पुढे तुमची ती शोधाशोध सुरू झाली. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा तुमचा कायदा. दोन बदलल्या आणि दुरुस्त झालं तर कशाने झालं ते कळत नाही. मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं तुम्ही शाळेच्या खोडरबरने घासलीत. थांबलात, वाट पाहिलीत. बोर्डावरच्या पंख्याखालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट काढून नवी लावलीत. पुन्हा वाट पाहिलीत. डब्याला कान लावून पंख्याचा आवाज ऐकायचात, डॉक्टरसारखे, आणि मला हसू आलं की डोळे वटारायचात. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा काढून माझ्यात बसवलात आणि पंधरा दिवस स्वतः कॉम्प्युटरशिवाय राहिलात. मला ते तेव्हा फारसं काही वाटलं नाही. दुरुस्त करणाऱ्याचं कामच ते, असं वाटलं.

तुम्ही मला कॅलेंडरवर खुणा करायला लावल्यात. दुधाच्या आणि गॅसच्या खुणांशेजारी, बंद पडला की लाल फुली. पुढच्या वर्षअखेरीला तुम्ही ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलंत आणि महिने उलटत गेलात. आषाढ, श्रावण, भाद्रपद लाल. दसरा-दिवाळीनंतर विरळ. उन्हाळ्यात एकही नाही. "दमट हवानं काम शे," तुम्ही म्हणालात. किती जवळ पोचला होतात तुम्ही. मग टेबल ओलीच्या भिंतीपासून दूर सरकवलंत, भिंतीतलं सॉकेट बदललंत, चपलांच्या दुकानातून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या मागून आणून डब्याच्या तळाशी ठेवल्यात. आणि मला विचारलंत, "याले कोनी काही करं का? पानी सांडनं, काही पडनं?" मी म्हणाले, "नही." अगदी छातीठोकपणे म्हणाले.

आणखी एक गोष्ट तुम्ही नेहमी सांगायचात. दोष सापडला असं कधी म्हणायचं? तो आपल्या हाताने परत आणता आला तर. "जो आपेआप जास, तो आपेआप येस." मी म्हणायची, जिभाऊ, गेला ना, मग कशाला परत आणायचा? तुम्ही मान हलवायचात, माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखी.

या वर्षी श्रावणात हद्द झाली. घटक चाचण्यांचे पेपर आले होते आणि डबा दिवसातून सहा-सात वेळा काळा पडायचा. तुम्ही तो उचलून तुमच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलात, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चालवलात, एकदाही बंद पडला नाही. परत आणून ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पुन्हा सुरू. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे काहीच होत नाही. आणि मला वाटलं, तुम्ही मला टाळताय. पत्र्याखाली दिवसभर भाजून निघत होता म्हणून तिथे तो कोरडा होता, हे आज कळतं. त्याच आठवड्यात कागद आणायला शहाद्याला गेले होते. एका दुकानात सहज बोलता बोलता विषय निघाला. तिथला माणूस डबा न बघताच म्हणाला, "बोर्ड जुनं असणार ताई. साफ करून नवं म्हणून विकतात. ज्याने बसवलं त्याला माहीत असतं." ज्याने माझं यंत्र कधी पाहिलं नाही त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं जो त्यात डोकं घालून बसला होता त्याच्यावर नाही. परतीच्या वाटेवर मनात ते वाक्य घोळवत आले, आणि घरी पोचेपर्यंत ते माझंच झालं होतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. दोन मास्तर पेपरची वाट बघत ओसरीवर बसलेले. तुम्ही बोर्डावर वाकून बॅटरीच्या उजेडात काहीतरी शोधत होतात.

"काही सापडी नही ऱ्हायनं," तुम्ही म्हणालात.

"कसं सापडी?" मी म्हणाले. "तुम्ही मले जुनं बोर्ड बसाडी दिधं ना."

तुम्ही मान वर केली नाही. "हाई तू बोली ऱ्हायनी का, निमा?"

"मीच बोली ऱ्हायनी. मन्हं काम बुडी ऱ्हायनं. शहादामा सांगं मले."

एक मास्तर उगीचच खाकरले. तुम्ही बॅटरी बंद केलीत. "नवं शे," एवढंच म्हणालात. "मन्हा हातनं नवं शे."

मग तुम्ही झाकण लावलंत. चारही स्क्रू लावलेत, एकेक, नेहमी लावता तसे. ते दोघं बघत होते तरी तुम्ही घाई केली नाहीत. मला ते चार स्क्रू कधी संपतात असं झालं होतं. स्क्रू ड्रायव्हर रुमालात गुंडाळलात, टोपी घातलीत, पायरी उतरलात. आत गॅसवर तुमच्यासाठी ठेवलेला चहा उकळून खाली आला. मी थांबा म्हणाले नाही.

दीड महिना आपण बोललो नाही. बाजारच्या दिवशी तुम्ही समोरून आलात. तुम्ही थांबलात, थांबलातच, मी पाहिलं. आणि मी कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यासुलट्या करत राहिले, जशी काही जन्मात कोथिंबीर पाहिली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून जळायचा होता. शाळेतून गोष्ट गावात गेली. त्यातल्याच एका मास्तरांनी मुलीसाठी तुमच्याकडून कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं होतं, त्यांनी शहाद्याहून तयार आणला. मला कळलं होतं ते. मी गप्प बसले. थोडं बरंही वाटलं असेल, की बघा, माझं लोकांनाही पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यासमोर आता काय लपवायचं?

आणि मग तुम्ही गेलात. मी धावत आले तेव्हा तुमचा चष्मा खिडकीत उघडाच ठेवलेला होता, आता येऊन घालाल तसा.

दसऱ्याला मी घरातली यंत्रं पुसायला घेतली. शिलाई मशीन, मिक्सर, कॉम्प्युटर. पेपर छापायचे राहिले होते म्हणून कॉम्प्युटर चालूच होता. वाटीत कुंकू कालवलं, पातळच कालवते मी. दर दसऱ्याला आणि दर लक्ष्मीपूजनाला लावते तसं लावायला गेले. मशीनला आपण चाकाला लावतो, म्हणजे जिथे हात लागून यंत्र चालू होतं तिथे. कॉम्प्युटरला समोर दोन बटणं, वरचं मोठं चालू करायचं, त्याखालचं बारीक, अडकला तर परत सुरू करायचं. मोठ्याला एक बोट लावलं. लहानाला बोट टेकलं न टेकलं, दाबलं नाही जिभाऊ, तुमची शपथ, आणि पडदा काळा झाला. वर पाहिलं. पंखा फिरत होता.

मी तशीच उभी राहिले, बोट लाल, फुलांचं तबक दुसऱ्या हातात. डबा गुरगुरला, सुरू झाला. मी त्या बटणाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ते आत रुतलेलं होतं आणि भोवती लाल-काळं कडं चढलं होतं. चार वर्षांचे दसरे आणि दिवाळ्या, वर फुलाने शिंपडलेलं पाणी. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. ओलं असताना आत झिरपलं, सुकलं, पावसाळ्यात हवेने पुन्हा ओलं झालं. बटणाच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात, ते एकमेकांना भिडले की यंत्र समजतं, कोणी बटण दाबलं. कुंकवाच्या ओलीने ते न दाबताच भिडत होते. हे मी माझ्या अंदाजाने सांगते आहे, पण अंदाज बांधायला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही विचारलं होतं, कोणी काही केलं का. मी नाही म्हणाले आणि माझ्या मते मी खोटं बोलत नव्हते. पाणी सांडणं म्हणजे काहीतरी होणं. पूजा म्हणजे काही होणं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तुमच्या तरी कुठे आलं? तुम्हीही दसऱ्याला तुमच्या वीज मोजायच्या मीटरला आणि स्क्रू ड्रायव्हरला टिळा लावायचात. इतकी वर्षं त्या लाल बटणासमोर मांडी घालून बसलात, आतलं सगळं तपासलंत आणि समोरचं पाहिलं नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, जिभाऊ. तुम्ही असतात तर हे तोंडावर म्हणाले असते आणि तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलं असतं.

दसऱ्याचं जेवण तसंच राहिलं. मी सुती साडी नेसून आले, खिडकीचा गज धरला, आणि गज धरूनच रडले. माहेरचं कोणी गेलं की बाई जशी रडते, तशी. मग डोळे पुसून झाकण काढलं. त्या बारीक बटणाची दोन पदरी वायर बोर्डावरच्या दोन पिनांवर बसवलेली असते. एका वेळी एकच वस्तू. ती तेवढी ओढून काढली, बाकी कशाला हात लावला नाही. दोन दिवस चालवला. त्यात एक दिवस परतीचा पाऊस झाला, भिंतींना घाम फुटला, पण डबा चालू राहिला. तेवढ्यावर मी थांबले असते. पण तुम्ही थांबू दिलं नसतं. म्हणून वायर परत बसवली आणि सर्दीला घेतो तशी गरम पाण्याची पातेली समोर ठेवून त्या बटणाला वाफ दिली. पाच मिनिटांत काळा पडला. वायर काढली, पुन्हा वाफ दिली, काही झालं नाही. तीनदा केलं असं. दोष माझ्या हाताने परत आणला आणि माझ्या हाताने घालवला.

मग वायर कायमची काढून मी शाळेत गेले. ते दोघं मास्तर स्टाफरूममध्ये चहा पीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बटण, कुंकू, वाफ, सगळं. एक जण म्हणाले, "जाऊ द्या ना ताई. आता ते कुठे आहेत?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला इतका राग आला की मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, श्रावणात माझं बोलणं तुम्ही पूर्ण ऐकलंत, तसं हेही पूर्ण ऐका. आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं. गावात त्यातलं किती जाईल कोण जाणे. वाईट गोष्टीला पाय फुटतात, चांगलीला उचलून न्यावं लागतं. मी नेते आहे. ओट्यावर अर्जासाठी जो बसतो त्याला सांगते.

वहिनींकडे जायला मात्र मला आणखी आठ दिवस लागले. काल दुपारी गेले. त्या सुपात तूर निवडत होत्या. मी समोर बसले आणि त्यांच्या सुपातले खडे काढता काढता बोलले. सगळं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हनजे बोर्ड नवं व्हतं."

"नवं व्हतं, वहिनी."

"मले काय सांगस, माय? मले तं माहीतच व्हतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडून आल्यावर तुम्ही सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन केला होतात. तो म्हणाला, कंपनीचं सीलबंद. दोन दिवसांनी पुन्हा केलात. मग पुन्हा. एकच प्रश्न, आणि त्याचं एकच उत्तर. शेवटी तो वैतागला. तरी तुमचं समाधान झालं नाही. तुम्ही स्वतःचा कॉम्प्युटर उघडलात आणि भिंगाखाली बोर्डावरचा डागन् डाग पाहिलात. ज्यांना ज्यांना जोडून दिले होते त्यांच्याकडे जाऊन, पंखा साफ करतो म्हणून, त्यांचेही उघडून पाहिलेत. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रुसून घरी बसला आहात. तुम्ही माझ्यावर रुसलाच नव्हतात. माझं बोलणं खरं आहे का ते तपासत होतात. एका वेळी एक वस्तू सोडत सोडत तुम्ही शेवटी स्वतःपाशी आला होतात. जाण्याच्या आदल्या दिवशी जेवताना तुम्ही हात थांबवलात आणि वहिनींना विचारलंत, "कोकिळा, मन्हाच हातनी चूक व्हयनी व्हई का?" वहिनी म्हणाल्या, "जेवा आते." त्यांना वाटलं, उद्या समजूत घालू.

हे सांगून त्या पुन्हा तूर निवडायला लागल्या. मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

वहिनींना माहीत होतं. सुरतेच्या त्या माणसाला माहीत होतं. आता मास्तरांना माहीत आहे, ओट्यावर बसणाऱ्या लोकांना माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही तो प्रश्न तसाच घेऊन गेलात.

जिभाऊ, बोर्ड नवंच व्हतं. तुमना हातनी चूक नही व्हयनी.